धोंडीरामचा उजवा पाय

धोंडीरामचं घर नाशिकच्या म्हसरूळला होतं, पण संसार चालायचा तो ट्रकच्या केबिनमध्ये.

घरात धोंडीरामची आई झुंबरबाई होती, आणि झुंबरबाईंच्या देखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. बोलायचंच असलं तर तिसऱ्याला मध्ये घालायचं. "शेखर, तुझ्या बापाला सांग, दळण संपलंय," असं त्याची बायको मैना म्हणे. बाप समोरच जेवत बसलेला असे. तो म्हणे, "शेखर, तुझ्या आईला सांग, ऐकलं." शेखर जन्मायच्या आधी हाच कारभार दारातल्या म्हशीमार्फत चाले. झुंबरबाईंना ऐकू कमी यायचं, पण ते बाहेरच्यांचं. घरातली कुजबुज त्यांना शेजारच्या गल्लीतूनही ऐकू जाई.

सुटका एकच होती. हरसूलच्या आठवडे बाजारात मैनाचं कांदे, बटाटे आणि लसणाचं दुकान लागे. इतर दिवशी धोंडीराम लोकांचा माल वाही. टोमॅटोचे क्रेट, द्राक्षांच्या पेट्या, विटा, एकदा तर एक अख्खी नाटक कंपनी. बाजाराच्या दिवशी मात्र गाडी मैनाची. सकाळी गोण्या चढवायच्या, गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट उतरायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. या येण्याजाण्यात सासू नव्हती, शेजार नव्हता, म्हैस नव्हती.

अडचण इतकीच की गाडी जुनी, डिझेलची, आणि तिचं इंजिन केबिनमध्ये दोघांच्या बरोबर मध्ये, एका जाड आवरणाखाली बसलेलं. त्यामुळे काहीही बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. जगातल्या इतर जोडप्यांनी हळू आवाजात उरकलेल्या गोष्टी या दोघांनी किंचाळून केल्या होत्या. लेकीचं, सविताचं, लग्न गिरणाऱ्याच्या पुढच्या चढावर ठरलं. शेखरला कॉलेजात घालायचं का ड्रायव्हिंग शिकवायचं, यावरचं भांडण घाटात सुरू झालं आणि हरसूलच्या वेशीवर मिटलं. धोंडीरामचे वडील गेले तेव्हा घरात तो सगळ्यांना सावरत होता. रडला तो नंतरच्या बाजाराला, दुसऱ्या गिअरमध्ये.

कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नाशिकचे सगळे रस्ते मेळ्यासाठी रुंद करायला म्हणून खणून ठेवले होते, त्यामुळे कोणाचीच गाडी धड चालत नव्हती. धोंडीरामला मात्र चालवण्यापेक्षा थांबवणं जड जाऊ लागलं. ब्रेकचं पेडल कडक लागे. पहिल्यांदा दाबलं तर दबे, लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलं की दगडावर पाय ठेवल्यासारखं. हे एका दिवसात झालं असतं तर त्यानं इंजिनवरचं झाकण उघडलं असतं. पण ते महिनोन्‌महिने थोडं थोडं वाढत गेलं, आणि थोडं थोडं वाढणारी गोष्ट माणूस आधी आपल्या वयाच्या खाती टाकतो.

शिवाय त्याच्याकडे पुरावा होता. ब्रेकचे लायनर त्यानं नुकतेच नवे घातले होते. ब्रेक ऑइल भरलेलं, पाइप कोरडे, कुठे गळती नाही. म्हणजे गाडीत दोष नाही. मग उरलं काय? उजवा पाय. त्याच्या वडिलांचाही आधी उजवाच पाय गेला होता, मग हात, मग वाचा. धोंडीरामनं ही सगळी रांग मनातल्या मनात लावून पाहिली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

तो फक्त हळू चालवू लागला. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवी की मध्ये एखादं लग्नाचं वऱ्हाड बसावं. कुत्रं दिसलं की शंभर पावलांवरून गिअर उतरवी. शाळेजवळ तर अशी गाडी आणी, जणू काचेची भांडी भरलीत. परिणाम असा झाला की धोंडीराम सज्जन म्हणून प्रसिद्ध झाला. ट्रॅफिकचा हवालदार त्याला ओळखीनं हात करू लागला. रस्ता सुरक्षा सप्ताहात वाहतूकदारांच्या एका संघटनेनं त्याला शाल, नारळ आणि 'आदर्श चालक' असं लिहिलेली ट्रॉफी दिली. "वेगावर ताबा कसा ठेवावा हे यांच्याकडून शिकावं," असं अध्यक्ष म्हणाले. धोंडीरामचा ज्या गोष्टीवर ताबा राहिला नव्हता, तिच्याबद्दलच ही टाळ्या वाजवणारी मंडळी बोलत होती. त्यानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

ट्रॉफी मिळाल्यावर तो गुपचूप एका हाडवैद्याकडे गेला. वैद्यानं गुडघा वाजवून पाहिला, शीर आखडल्याचं सांगितलं आणि एक काळं तेल दिलं. त्या तेलाचा वास असा होता की गुपचूपपणा पहिल्याच संध्याकाळी संपला.

"शेखर," मैना म्हणाली, "तुझ्या बापाला विचार, पायाला काय झालंय."

"शेखर, सांग, मुरगळलाय."

मग रोज दिवेलागणीला मैना त्याचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळू लागली. औषधोपचाराला झुंबरबाईंची हरकत नव्हती. त्या शेजारी बसून देखरेख करीत. "जरा जोर लाव की. माझ्या लेकाचा पाय हाय, भाकरी थापतीस का?" अशा वेळी बोलायची सोयच नव्हती. धोंडीराम छताकडे बघे आणि मैना पायाकडे.

शेखर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची बस चालवीत होता. त्यानं बापाचं लंगडणं पाहिलं आणि चांगल्या मुलासारखं सुचवलं, "बाबा, गाडी मला द्या. सिन्नरहून रोज खोक्यांचं काम मिळतंय. तुम्ही आता आराम करा."

धोंडीराम म्हसरूळच्या आराम करणाऱ्या माणसांना ओळखत होता. ती ओट्यावर बसत, येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या मोजत आणि जेवायला हाक आली की उठत. त्याच्या ओट्यावर तर समोर आई बसलेली असणार. आणि गाडी रोज सिन्नरला जाणार म्हणजे हरसूल संपलं. गाडी जायचं त्याला दुःख होतं, पण त्याहून मोठी चिंता वेगळी होती: उरलेल्या आयुष्यात मैनाशी बोलायचं कुठे?

त्यातच मैनाचा बाजारही बसल्यासारखा दिसत होता. पूर्वी ती गोण्यांवर गोण्या चढवी, इतक्या की गाडी खाली दबे. हल्ली निम्म्याच घेई. विचारलं तर म्हणे, "हरसूलला गिऱ्हाईक नाय राह्यलं." धोंडीरामनं मनात हिशेब जुळवला. पाय चाललाय, बाजारही चाललाय. दोन्ही एकदमच गेलेले बरे, निदान मैनाचा जीव तरी घाटात टांगणीला राहणार नाही.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराहून परतताना, रिकामी गाडी घाट चढत असताना, त्यानं ते बोलून टाकलं. घाटात भात कापून झाला होता आणि डोंगरावरचं गवत पिवळं पडलं होतं.

"पुढल्या महिन्यापास्नं गाडी शेखरला!" तो ओरडला.

"काय?"

"शेखरला देतोय गाडी! सिन्नरला लावणारे तो."

"आन्‌ हरसूल?"

"हरसूल नाय आता. तुला जायचं तर एसटी हाय. गोण्या टपावर टाकायच्या."

मैनानं पदर कानामागे खोचला. ती ऐकायला नीट तयार झाली की असं करीत असे. "आन्‌ तुम्ही?"

"मी घरी. आराम."

"एसटीत मी बोलू कोणाशी? कंडाक्टरशी?"

धोंडीरामनं गिअर बदलला. गरज नव्हती, पण बदलला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "पाय गेला, मैना."

तो तिला नावानं हाक मारी ती या केबिनमध्येच. घरात तिचं नाव 'शेखरची आई' होतं.

"कोणाचा पाय?"

"माझा. बाबांचा गेला तसाच. ब्रेकवर जोर येत नाय. आज उतरताना दोन्ही पायांनी दाबला, तुला कळलं नाय."

"मला कळलं," मैना म्हणाली. "मी डोळे मिटून घेतले व्हते."

मग मैना एकदम त्याच्याकडे वळून बसली आणि इंजिनच्या वरून ओरडली, "पाय गेला नाय तुमचा."

"पाय माझाय. मला कळंल का तुला?"

"तुमचा आसंल. रोज सांच्याला आसतो माझ्या हातात. मामंजींचा पाय मी धुतलाय, पुसलाय. तो हातात घेतला की ओल्या लुगड्यागत पडायचा. तुमचा पाय पडत नाय. पोटरीत अंगठा रुतवला की उलटा ढकलतो मला. परवा तर माझाच अंगठा दुखावला."

"मग ब्रेक का लागत नाय?"

"ते ब्रेकला इचारा! मी पायाचं सांगतीय." ती आणखी पुढे वाकली. "आन्‌ आणखी एक. सपाटीला पहिल्यांदा दाबता तवा लागतो. उतारावर घाईघाईनं दाबता तवा नाय लागत. पाय काय अशी जागा बघून जातो का? जायचा तर सगळीकडं जाईल."

"लायनर नवे हायती," धोंडीराम म्हणाला. आवाजात पूर्वीची खात्री नव्हती.

"आसंनात. उद्या गोटीरामकडं चला."

"तो काय करणार?"

"तो तुमच्या पायाला हात लावणार नाय, एवढं तरी बरं."

पेठ रोडला गोटीराम मिस्त्रीचं गॅरेज होतं. म्हणजे एक पिंपळ, एक खड्डा आणि गोटीराम. गोटीरामचं निदान नेहमी शंभर टक्के असे. फक्त दिवसभरात ते दोन-तीनदा बदले. गाडी आत वळायच्या आधीच, नुसता आवाज ऐकून, तो सांगून टाकी काय बिघडलंय ते. पुढे काही वेगळं निघालं तर म्हणे, मी तेच म्हणत होतो. त्यामुळे त्याचं निदान आजवर कधी चुकलेलं नव्हतं.

"काय आदर्श चालक?" त्यानं स्वागत केलं. "आणि वहिनीपण? काय, गाडी का घटस्फोट?"

"भावजी, ह्यांचा पाय गेला म्हणत्यात," मैना म्हणाली.

"मग सिव्हिलला न्या. मी गाड्या बघतो."

"गाडीच बघायचीय. पाय मी बघितलाय."

गोटीरामनं धोंडीरामकडे पाहिलं. धोंडीराम पिंपळाकडे बघत होता. मग गोटीराम केबिनमध्ये चढला, ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, आणि खाली उतरताना त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा अर्धी उतरली होती. "अण्णा, ही गाडी घेऊन तू घाट उतरतोस?"

"पाय—"

"पाय पाय काय करतोस? माझा कुठं गेलाय? मलापण दबत नाय. शंभर टक्के बूस्टर."

धोंडीरामला हे पटेना. गोटीरामही पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्याचाही पाय गेला नसेल कशावरून? ही शंका त्यानं बोलून दाखवली, तेव्हा गोटीरामनं कपाळावर हात मारला, त्याला तेलाचा डाग लागला, आणि तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा वर. तुमचे तर दोन्ही शाबूत हायेत ना?"

इतक्या वर्षांत मैना ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसली नव्हती. चढायलाही तिला जमेना. या बाजूची पायरी वेगळी होती. बसल्यावर तिनं आधी ब्रेककडे नाही, डावीकडे पाहिलं. तिची जागा रिकामी होती. सीटच्या रेक्झिनला तिच्या बसण्याचा खड्डा पडला होता. इथून ती जागा इतकी लांब दिसते, हे तिला माहीत नव्हतं. एवढ्या लांबून हा माणूस आपलं सगळं ऐकत आला.

"दाबा!" गोटीराम ओरडला.

तिनं दाबला. लागोपाठ दाबला. मग उभं राहून दाबला. "दगड हाय नुसता."

"आता त्या गाडीत बसा." पिंपळाखाली दुसऱ्या कोणाची अशीच गाडी तेल बदलून उभी होती. गोटीरामनं ती सुरू करून दिली. मैनानं पाय ठेवला आणि दचकून उचलला. "अगं बाई! हा तर लोण्यात गेल्यावाणी जातोय."

मैनानं दोन गाड्यांत पाय ठेवून पाहिला आणि धोंडीरामचा पाय त्याला परत मिळाला. तो लगेच लंगडायचा थांबला. लंगडत तो पाय दुखतो म्हणून नव्हताच. पाय गेलेल्या माणसानं लंगडावं, एवढ्या प्रामाणिकपणानं तो लंगडत होता.

आता गोटीराम रंगात आला. त्यानं इंजिन बंद ठेवलं, पेडल दाबत राहिला, ते पूर्ण कडक झालं तेव्हा त्यावर पाय तसाच ठेवून गाडी सुरू केली. "बघ. आता पेडल पायाखाली आपोआप खाली सरकायला पाहिजे. सरकलं?" सरकलं नव्हतं. मग त्यानं केबिनमधलं इंजिनचं झाकण उघडलं, वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरच्या मागच्या बाजूला बसवलेल्या एका डब्यासारख्या पंपाची नळी काढली आणि चालू इंजिनवर त्या तोंडाला अंगठा लावला. तिथे ओढ हवी होती. अंगठा धरून ठेवील अशी. गोटीरामचा अंगठा अलगद सुटला.

"वासरू यापेक्षा जोरात चोखतं," तो म्हणाला. "व्हॅक्यूम पंप गेलाय. मी म्हणालोच होतो."

"तुम्ही बूस्टर म्हणाला व्हता," मैना म्हणाली.

"त्याच्या घरातलाच आहे हा, वहिनी. हा हवा ओढतो म्हणून बूस्टर जोर लावतो. म्हातारा कमवत नसला तर पोरगा खाणार काय?"

त्यानं धोंडीरामला समजावलं. ड्रायव्हर पायानं दाबतो तो जोर थोडा. बाकीचा जोर बूस्टरमधली पोकळी लावते. ती पोकळी हा पंप बनवतो, आतली हवा ओढून ओढून. पंप झिजला की पोकळी हळू तयार होते. सपाटीवर पहिल्या ब्रेकपुरती असते, उतारावर लागोपाठ ब्रेक मारले की संपते. मग सगळा भार एकट्या पायावर येतो.

"म्हणजे इतके दिवस मी एकटाच दाबत व्हतो," धोंडीराम म्हणाला.

"एकटाच. ट्रॉफी उगाच नाय दिली तुला."

पट्टा काढून आल्टरनेटर खाली आला. गोटीरामनं पंप खोलून दाखवला. आत फिरणाऱ्या गोल तुकड्याच्या खाचांत पातळ पाती असतात. ती झिजून नखाएवढी उरली होती आणि भिंतीला ओरखडे पडले होते. पंपाला इंजिनचं तेल पुरवणारी बारीक नळी काळ्या गाळानं जवळजवळ बंद झाली होती. "तेलावाचून फिरत होता बिचारा," गोटीराम म्हणाला. धोंडीरामच्या पायाला रोज तेल मिळत होतं आणि ज्याला हवं त्याला मिळत नव्हतं, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. हसली फक्त मैना.

नाशकातल्या द्वारका चौकाच्या बाजूच्या एका दुकानातून नवा पंप यायचा होता. तोवर नवरा-बायको पिंपळाखाली एका जुन्या टायरवर बसली. जवळ झुंबरबाई नव्हत्या आणि मध्ये इंजिनही नव्हतं. अशी परिस्थिती लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच आली होती, आणि अशा परिस्थितीत बोलायचं कसं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"ब्रेक हुईल नीट," धोंडीराम शेवटी म्हणाला. "पण त्याचा उपेग काय? तुझा बाजार तर बसलाच."

"कोण म्हणतं बसला?" मैना ओरडली. नवऱ्याशी बोलायचं तर तिला केबिनमधलं ओरडणंच ठाऊक होतं.

"तूच. गिऱ्हाईक नाय म्हणालीस."

"गिऱ्हाईक हाय! लय हाय! नेहमीची गिऱ्हाईक कलाबाई तर मला शिव्या देती, दुपारीच कांदा संपतो म्हणून. मीच कमी घेत व्हते!"

पेठ रोडवरून जाणारा एक सायकलवाला वळून पाहू लागला. खड्ड्यातून गोटीरामचं डोकं वर आलं.

"का?" धोंडीरामनं विचारलं.

"तुमच्या पायावर वजन यायला नको म्हणून!" मैना आणखी मोठ्यानं म्हणाली. आणि मग आजूबाजूला शांत आहे हे तिला जाणवलं. ती आवाज उतरवत उतरवत कुजबुजीपर्यंत आली. "गाडी जड आसली की ब्रेक जास्त दाबावा लागतो ना. म्हटलं, गोण्या कमी घ्याव्या. तेवढाच पाय टिकंल. आन्‌ तुम्हाला सांगितलं आसतं तर तुम्ही हट्टानं दुप्पट चढवल्या आसत्या."

धोंडीराम टायरकडे बघत राहिला. त्यानं तिच्यासाठी गाडी सोडायचं ठरवलं होतं, तिनं त्याच्यासाठी कांदे सोडले होते, आणि या सगळ्या त्यागाच्या मुळाशी झिजलेली चार पाती होती. त्यानं हात पुढे केला आणि तिच्या अंगठ्याला, पोटरीत रुतवून दुखावलेल्या त्या अंगठ्याला, जरासा दाबून पाहिला.

"दुखतो?"

"आता नाय."

"तुम्ही दोघं," गोटीराम खड्ड्यातून म्हणाला, "एकाच घरात राहता ना? मग एकमेकांना विचारत का नाय?"

"घरात कसं इचारणार?" दोघंही एकदम म्हणाली. गोटीरामला यातलं काही कळलं नाही, पण मी तेच म्हणत होतो असा चेहरा करून तो पुन्हा खाली गेला.

पंप आला. गोटीरामनं आधी तेलाची नळी काढून हवेनं साफ केली, तिच्यातून काळं थेंब थेंब पडलं, मग स्वच्छ. नव्या पंपात त्यानं चमचाभर इंजिन ऑइल ओतून तो हातानं फिरवला. "पहिला घास कोरडा द्यायचा नाय." नवी रबरी रिंग बसवली, पंप आल्टरनेटरला घट्ट केला, सगळं जागेवर चढवलं, पट्टा अंगठ्यानं दाबून ताण बघितला, नळीला क्लिप आवळली. तेल कुठे गळत नाही ना, हे दोनदा पुसून पाहिलं.

"वहिनी, तुम्हीच बसा. दाबत राहा. कडक झालं? पाय तसाच ठेवा." आणि धोंडीरामला म्हणाला, "खिडकीतून हात घालून चावी दे."

धोंडीरामनं चावी फिरवली. इंजिन थरथरलं, आणि मैनाच्या पायाखालचं पेडल, कोणी खालून हात देऊन अलगद ओढावं तसं, आपोआप खाली गेलं.

"गेला!" ती किंचाळली.

"काय गेला?" धोंडीरामचा जीव उडाला.

"खाली गेला! मी काय न करता!"

गोटीरामनं नळी काढून शेवटचं एकदा अंगठा लावला. या वेळी पंपानं तो असा धरला की सोडवायला ओढावा लागला. त्यानं नळी परत बसवली आणि ताकीद दिली, "उतारावर गाडी बंद करायची नाय, न्यूट्रल करायची नाय. इंजिन फिरतं तोवर पंप, पंप तोवर ब्रेक."

गॅरेजमधून बाहेर पडताना धोंडीरामनं सवयीनं दोन्ही पायांचा जोर एकात घालून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी खिळली, मैनाचं डोकं काचेपासून वीतभर अंतरावर थांबलं आणि मागचा रिक्षावाला धोंडीरामच्या आईबद्दल बोलू लागला. आदर्श चालकाची कीर्ती तिथेच पेठ रोडला संपली. मैना इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या संध्याकाळी धोंडीरामनं शेखरला अंगणात गाठलं. "गाडी देत नाय मी. तुला वाटल्यास दुसरी बघू, मी येतो निवडायला. पण ही नाय."

"आणि तुमचा आराम, बाबा?"

"तो मी बाजाराच्या दिवशी करतो."

शेखरनं बापाच्या पायांकडे पाहिलं. बाप सरळ उभा होता. "बरं," तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात निराशा होती तेवढीच सुटकाही होती. सिन्नरच्या खोक्यांचं त्याला स्वतःलाही फारसं कौतुक नव्हतं.

पुढच्या बाजाराला मैनानं पूर्वीपेक्षाही जास्त गोण्या चढवल्या. गिरणारं गेलं, चढ गेला आणि वाघेऱ्याचा उतार सुरू झाला. भरलेली गाडी मागून रेटत होती. धोंडीराम दुसऱ्या गिअरला ती खाली सोडत होता आणि वळण आलं की उजव्या पायाची नुसती बोटं टेकवत होता. मैना बोलत होती. सविताच्या सासरी साखरपुडा झाला, तिथे काय काय घडलं, ते ती गिरणाऱ्यापासून सांगत आली होती. गाडीचा उतार संपत आला तरी तिची हकीकत चढावरच होती.

एका वळणापुढे म्हशींचा कळप आडवा आला. धोंडीरामनं पाय टेकवला. गोण्यांसकट सगळी गाडी, एक शब्दही न बोलता, जिथल्या तिथे थांबली. मैनाचं वाक्य मध्ये तुटलंसुद्धा नाही.

म्हशी गेल्या. रस्ता मोकळा झाला. धोंडीराम निघाला नाही. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, मान डावीकडे वळवलेली. घाट उतरताना आजवर त्यानं तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. बघायची सोयच नव्हती.

मागे प्रवाशांनी लगडलेली एक जीप येऊन थांबली. तिनं हॉर्न वाजवला, मग लांबच लांब वाजवला, आणि शेवटी बाजूनं घासून शेजारी येत थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"काय अण्णा? ब्रेक जाम झाला काय?"

"नाय. चांगलाय."

"मग उभे का?"

"बायको बोलतीय," धोंडीराम म्हणाला.

जीपवाल्यानं मैनाकडे पाहिलं. टपावरच्या माणसांनीही वाकून पाहिलं. मग जीप गिअर टाकून पुढे निघून गेली.

मैना पदरानं चेहरा पुसत होती. तिला एवढ्या लोकांनी एकदम कधी असं वाकून पाहिलं नव्हतं. "बघा, विसरले मी," ती म्हणाली. "कुठवर आले व्हते?"

"सविताच्या सासूच्या हातनं पाव्हण्यांसमोर खिरीचं पातेलं सांडलं."

"सांडलं नाय," मैना म्हणाली, "सांडवलं!" आणि तिनं पदर पुन्हा कानामागे खोचून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.